पाढे तोंडपाठ, गुणाकार अडलेला: नागपुरातल्या एका मुलीचं प्रकरण

मुलगी चौथीत. दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ, बाराचाही घडाघडा म्हणते. तिला विचारलं, "स्टँडवर सात ऑटो उभे आहेत. सगळ्यांची मिळून चाकं किती?" तिने एकेक ऑटो डोळ्यांसमोर आणला आणि बोटांवर चाकं मोजत गेली. मध्ये कुठेतरी एक चाक सुटलं आणि उत्तर आलं वीस. लगेच तिला तीनचा पाढा म्हणायला सांगितला. "तीन सत्ते एकवीस" न अडखळता आलं आणि ती पुढे "तीन अठ्ठे" वर गेली. आत्ताच आपण वीस म्हणालो आणि आत्ताच एकवीस, या दोन उत्तरांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे तिच्या मनातही आलं नाही.

पूर्व नागपुरातल्या एका वस्तीत, समाजभवनाच्या हॉलमध्ये आम्ही संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. ती तिथे येते. तिचं नाव इथे देत नाही, पण तिच्यासारखी मुलं प्रत्येक वर्गात असतात. म्हणूनच तिच्याबरोबर पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत काय काय केलं, ते सविस्तर लिहीत आहे.

घर आणि शाळा

वडील ऑटो चालवतात, सक्करदऱ्याच्या बाजूला त्यांचा स्टँड आहे. आई दोन-तीन घरी स्वयंपाक करते. आजी बुधवार बाजारात लिंबं, मिरच्या आणि सांबार (म्हणजे कोथिंबीर) घेऊन बसते, आणि शाळा सुटली की ही तिच्या मदतीला जाते. भाऊ सहावीत, क्रिकेटवेडा. म्हणजे घरातला प्रत्येक जण दिवसभर गटानेच मोजत असतो: सवाऱ्या, पोळ्या, लिंबांचे वाटे, ओव्हरी. असल्या घरात गुणाकार शिकवायला बाहेरून काही आणावं लागत नाही.

शाळेत पाढे रोज म्हणून घेतात, लिहूनही घेतात. पाहुणे आले की वडील कौतुकाने तिला बाराचा पाढा म्हणायला लावतात. मुलगी हुशार आहे यावर घरात सगळ्यांचं एकमत, आणि ते खरंच आहे. त्यामुळे चाचणीत शाब्दिक उदाहरणं सगळी चुकली तेव्हा आईला धक्काच बसला. "मॅडम, पाढे तं येतेत तिले. मंग गणित काऊन चुकते?" हा आईचा प्रश्न अगदी नेमका होता.

अडलं होतं कुठे

उपाय करण्याआधी तीन गोष्टी तपासल्या.

पहिली, पाढा मधूनच विचारला. "तीन सत्ते किती?" ओठ हलायला लागले. ती "तीन एके तीन"पासून निघाली आणि पळत पळत सातव्या पायरीवर आली. पाढा तिच्याकडे एका सलग सुरात होता, आणि सूर मधूनच धरता येत नव्हता.

दुसऱ्या तपासणीने सगळ्यात जास्त कळलं. पाटीवर ४ × ३ लिहून दिलं आणि याचं चित्र काढ म्हटलं. तिने चार गोळे काढले, मध्ये फुली काढली, पुढे तीन गोळे, मग बरोबरची खूण आणि शेवटी बारा गोळे, एका ओळीत, अगदी सुबक. मी विचारलं, "हे चार आणि हे तीन मिळून सातच गोळे आहेत, मग बारा कुठून आले?" ती म्हणाली, "मॅडम, ते तं गुणाकाराची खूण आहे नं, तिच्यानं होते." खूण आहे म्हणून होतं, एवढंच तिला माहीत होतं. चित्रात त्या फुलीने काय काम केलं, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

तिसरी तपासणी शाब्दिक उदाहरणाची. एका डब्यात ६ लाडू, असे ५ डबे, एकूण लाडू किती? उत्तर ११. कारण विचारलं तर "एकूण लिहिलं आहे" असं म्हणाली. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, असा मुलांचा ठोकताळा असतो. पहिली-दुसरीत तो चालून जातो, पुढे तोच नडतो.

या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच उणीव होती. बेरजेत दोन्ही आकडे एकाच जातीच्या वस्तूंचे असतात: सहा लाडू आणि पाच लाडू. गुणाकारात तसं नसतं. सहा हे एका डब्यातले लाडू आणि पाच हे डबे. एक आकडा "एकात किती" सांगतो, दुसरा "असे किती" सांगतो. मुलाला एकाच वेळी दोन मोजण्या चालू ठेवाव्या लागतात: चाकं तीन, सहा, नऊ अशी वाढतात आणि ऑटो एक, दोन, तीन असे. मोठ्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की यात शिकवण्यासारखं काही आहे असंच वाटत नाही. पण तीन चाकांना मिळून 'एक' म्हणणं ही मुलाच्या बुद्धीला मोठी उडी आहे, आणि ती उडी पाढा पाठ करून आपोआप येत नाही.

कोणत्या वस्तू घ्यायच्या

गटाने येणाऱ्या वस्तू घ्या, हा सल्ला सगळे देतात. वस्तू निवडताना मात्र फारसा विचार होत नाही, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो. चिंचोक्यांचे तीन-तीनचे ढीग करून द्यायचे, तर ते ढीग आपण केलेले असतात. ते मोडून चारचेही करता येतात, आणि मुलाला हे कळतं. ऑटोची तीन चाकं मात्र कोणी ठरवून ठेवलेली नाहीत, ती ऑटोबरोबरच येतात. 'एकात किती' हा प्रश्न अशा वस्तूंवर खरा वाटतो. बेलाच्या एका पानाला तीन दलं असतात. सदाफुलीच्या फुलाला पाच पाकळ्या असतात. हाताच्या अंगठ्याखेरीज प्रत्येक बोटाला तीन पेरं, म्हणून चार बोटांची बारा. आजी याच पेरांवर अंगठा फिरवत हिशेब करते, तेव्हा तीनचा पाढा चारपर्यंत मुलीच्या हातावरच होता.

काही गट माणसांनी ठरवलेले असतात, पण ठरवले ते कायमचेच: डझन, अंड्यांचा ट्रे, सहा चेंडूंची ओव्हर. आणि काही गट नुसते गटासारखे दिसतात. केळ्यांची फणी, मेथीची जुडी, संत्रं. यांच्याकडे मुद्दाम नंतर जायचं ठरवलं होतं.

ऑटो

सुरुवात वडिलांच्या ऑटोपासून. नियम एकच होता. 'एकूण किती' हा प्रश्न यायच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं मोठ्याने द्यायची: एकात किती? असे किती? "एका ऑटोत तीन चाकं. असे चार ऑटो." मगच पुढे. मी कंटाळा येईपर्यंत हे म्हणवून घेतलं, कारण फुलीचा अर्थ या दोन वाक्यांतच आहे.

मग वहीत दोन ओळींचा तक्ता. वरच्या ओळीत ऑटो १, २, ३, ४, खालच्या ओळीत चाकं ३, ६, ९, १२. पाचव्या रकान्यापर्यंत तिने चित्र काढून, मोजून लिहिलं. सहाव्याला थांबली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "हा तं तीनचाच पाढा होऊन राह्यला." पुढचे रकाने तिने न मोजता भरले. पाठ केलेला पाढा अशा वेळी कामाला येतो. पाढ्याला अर्थ मिळाला, आणि पाढ्यामुळे मोजण्याचे कष्ट वाचले.

दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला: पाच ऑटोंत माणसं किती? यावर वर्गात वाद झाला. एक मुलगा म्हणाला, एका ऑटोत तीन सवाऱ्या, म्हणून पंधरा. ही ठामपणे म्हणाली, वीस. "बाबा नाई बसत का ऑटोत?" बाबांना धरून एकात चार, असे पाच, म्हणून वीस. दोघांचंही बरोबर होतं. एकात काय काय धरायचं हे आधी ठरवावं लागतं, ते ठरल्याशिवाय गुणाकार मांडता येत नाही, हे त्या भांडणातून पोरांना मिळालं. असा वाद झाला की शिक्षकाने लगेच निकाल देऊ नये, तो रंगू द्यावा.

तीनच्या पाढ्याला अजून एक वस्तू जोडली, मेट्रो. नागपूर मेट्रोच्या गाडीला तीन डबे असतात. पाच गाड्यांचे डबे किती, हे विचारताच ती म्हणाली, "ऑटोसारखंच, पंधरा." वस्तू बदलली, आकार कितीतरी पट बदलला, तरी तक्ता तोच राहिला. हे तिच्या तोंडून येणं महत्त्वाचं होतं. एकाच वस्तूवर फार दिवस राहिलं तर मुलाला वाटतं, तीनचा पाढा म्हणजे ऑटोचा पाढा.

तान्हा पोळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो. पोरं लाकडाचे नंदीबैल सजवून आणतात, मैदानात रांगेने उभे करतात. प्रत्येक बैलाला दोन शिंगं, चार पाय, आणि खाली चार चाकं. इतकं गणित एका ठिकाणी, तेही मुलांच्या आवडीचं, वर्षात दुसऱ्या कुठल्याच दिवशी मिळत नाही. समाजभवनासमोर आमच्या वर्गातल्या मुलांचे सहा बैल उभे होते.

चाकं किती? चार सक चोवीस, असं एकाने जागेवरूनच सांगून टाकलं. ही मात्र वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "तेवीस. दादाच्या बैलाचं एक चाक निघालं आहे." चोवीस आणि तेवीस, दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली. सगळे गट सारखे असते तर चोवीस, एकात एक कमी म्हणून तेवीस. गुणाकार करून मग दुरुस्ती करायची, ही व्यवहारातली रोजची रीत आहे. भावाने यात आपली भर घातली: ओव्हरमध्ये वाईड पडला की चेंडू सातवा टाकावा लागतो.

मग उलट विचारलं. डोळे मिटा. रांगेत अठरा शिंगं आहेत, बैल किती? इथे काहींनी पुन्हा बोटं काढली. तिने दोन-दोनच्या जोड्या लावल्या आणि नऊवर आली. भागाकार हा शब्द त्या दिवशी कोणी काढला नाही, मीही नाही.

ट्रे आणि गोळ्यांच्या पट्ट्या

ऑटो आणि बैल यांनी अर्थ दिला, पण एक अडचण राहिली. सातपर्यंत जायला ती अजूनही एक-दोन-तीन करत वर चढायची. ती सवय मोडायला वस्तू रांगांत मांडलेल्या लागतात. अंड्यांचा ट्रे त्यासाठी उत्तम. पाचाच्या सहा रांगा, तीस खाचा. कोपऱ्यावरच्या अंडीवाल्याकडून रिकामे ट्रे आणले, धुऊन उन्हात वाळवले, प्रत्येक खाचेत एक चिंचोका.

ट्रेवर पुठ्ठा ठेवून काही रांगा झाकायच्या. चार रांगा उघड्या: पाच चोक वीस. आता अजून एक उघडली: वीस आणि पाच, पंचवीस. पुन्हा 'पाच एके'पासून निघायची गरज नाही. जिथे उभे आहोत तिथून एक गट पुढे जाता येतं, एक गट मागे येता येतं. हे हाताला कळलं की पाढ्याचा सूर मधूनच धरता येतो. मग ऑटोकडे परत: सात ऑटो म्हणजे पाच आणि दोन. पंधरा आणि सहा. एकवीस. आता ती सातचं उत्तर पाढा न म्हणता देऊ लागली.

घराघरांतून गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मागवल्या. दहाच्या पट्टीत पाचाच्या दोन रांगा, पंधराच्या पट्टीत पाचाच्या तीन. रिकाम्याच आणायच्या, हे मुलांना आणि पालकांनाही बजावून सांगितलं होतं. यात घाई किंवा ढिलाई चालत नाही, घरात आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या असतात.

ट्रे आडवा केला की पाचाच्या सहा रांगा सहाच्या पाच होतात. अंडी तीसच. सहा पंचे आणि पाच सक एकच, हे त्यातून सहज दिसतं आणि पाठ करायचे पाढे जवळजवळ निम्मे होतात. पण मी तिला तिथेच सोडलं नाही. विचारलं, "तीन चाकांचे सात ऑटो आणि सात चाकांचे तीन ऑटो सारखेच का?" ती खदखदून हसली आणि तिने वहीत सात चाकांचा ऑटो काढला, लांबलचक, दोन्ही बाजूंना तीन-तीन आणि पुढे एक. चाकं एकवीसच. पण स्टँडवर उभे असलेले ऑटो वेगळे. उत्तर सारखं आणि गोष्ट वेगळी, हा फरक तिने स्वतः चित्रात धरला.

यावरून एक वाद नेहमी होतो. ३ × ७ म्हणजे तीनचे सात गट की सातचे तीन? आपल्या पाढ्यात पहिला आकडा गटाचा असतो आणि दुसरा किती वेळा ते सांगतो. "तीन सत्ते" म्हणजे तीन, सात वेळा. काही पुस्तकं उलट वाचतात. मला वाटतं, यावरून मुलाचे गुण कापणं चूक आहे. चित्र काढायला सांगावं. चित्रात गट दिसले तर मुलाला येतं.

आजीचा हिशेब आणि चारशे वीस

बाजारात ही मुलगी वेगळीच असते. लिंबांचा वाटा पंधराला. गिऱ्हाईक म्हणालं चार द्या, तर ती आजीच्या आधी सांगते, "साठ." कसं केलं? "दोनाचे तीस, अजून दोनाचे तीस." वहीत तेच १५ × ४ असं दिलं तेव्हा उत्तर आलं ४२०. पाच चोक वीस, म्हणून वीस लिहिले. एक चोक चार, म्हणून त्याच्या डावीकडे चार. रीत अर्धी आठवत होती, हातचा कुठे जातो हे आठवत नव्हतं. आणि चारशे वीस पाहून तिला काही खटकलंही नाही.

हे तिच्या एकटीचं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवर झालेला अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. ९ ते १५ वयाची पाच मुलं होती. नेहमीच्या विक्रीत विचारलेल्या प्रश्नांपैकी ९८ टक्क्यांहून जास्त प्रश्नांची उत्तरं त्यांनी बरोबर दिली. तेच हिशेब नुसत्या आकड्यांत दिले तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास आलं. २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, तो आपल्याच कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांचा. बाजारात काम करणारी मुलं व्यवहाराचे अवघड हिशेब तोंडी करत होती आणि शाळेच्या पद्धतीची साधी उदाहरणं त्यांना जमत नव्हती. शाळेत जाणाऱ्या, बाजाराचा अनुभव नसलेल्या मुलांचं नेमकं उलट होतं. बाजार आणि वही यांच्यामधला रस्ता आपोआप तयार होत नाही. तो कोणीतरी मुद्दाम बांधून द्यावा लागतो, आणि माझ्या मते गुणाकार शिकवणाऱ्याचं खरं काम तेच.

तिला मी ४२० चूक आहे असं सांगितलं नाही. विचारलं, "आजीने चार वाट्यांचे चारशे वीस मागितले तर?" ती दचकलीच. "लोक मारतीन आजीले!" मग आम्ही पैसे काढले. प्रत्येक वाट्यासाठी दहाची एक नोट आणि पाचाचं एक नाणं, असे चार वाटे. चार नोटा एका बाजूला, चार नाणी दुसऱ्या बाजूला. नाण्यांचे किती? वीस. मग या नाण्यांच्या बदल्यात नोटा घे. तिने चार नाणी मला दिली आणि दोन नोटा घेतल्या. आता नोटा सहा, नाणं एकही नाही. साठ.

तेच वहीत उतरवलं. पाच चोक वीस: एककात शून्य, कारण नाणं उरलं नाही. दोन नोटा दशकाच्या घरावर लिहिल्या, तोच हातचा. एक चोक चार नोटा, त्यात हातच्या दोन, सहा. प्रत्येक पायरीला डाव्या हाताने नोटा हलवायच्या आणि उजव्या हाताने लिहायचं. हे तिने बऱ्याच उदाहरणांना केलं, आणि मग एका संध्याकाळी नोटा न मागताच लिहायला लागली. आकड्यांच्या उतरंडीत हातचा वर का चढतो, हे तिला नोटांमुळे समजलं. नुसतं "हातचे वर लिहा" शंभरदा सांगूनही ते समजत नाही.

आजीला यात फार रस आला. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण 'दीड पंचे साडेसात' ती झटकन सांगते. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी (पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांचे पाढे) म्हणून घ्यायचे. ते पाढे बाजारातल्या मापाशी, वजनाशी घट्ट बांधलेले होते, ही गोष्ट आज पाढ्यांबद्दल बोलताना लोक विसरतात.

संत्रं

नागपुरात मुलांना गुणाकार शिकवायचा म्हटलं की प्रत्येकाला आधी संत्रं सुचतं. आंबिया बहाराची संत्री आली, तेव्हा मीही वर्गात संत्री आणली, पण वेगळ्या कारणासाठी. प्रत्येक गटाला एक संत्रं दिलं आणि सोलून फोडी मोजायला सांगितलं. एकाची दहा, एकाची अकरा, एकाची पुन्हा दहा, एकाची नऊ. वर्गात गोंधळ. ही म्हणाली, "मॅडम, एकात किती ते सांगताच नाई येत. मंग पाढा कसा म्हनायचा?"

मला हेच हवं होतं. गट सारखे नसतील तर गुणाकार नेमकं उत्तर देत नाही. मग काय करायचं? मुलांनी ठरवलं, "दहा धरू." सहा संत्र्यांच्या साठच्या आसपास. मग खरंच मोजून पाहिलं आणि साठच्या जवळच आलं. अंदाज आणि अचूक उत्तर यांतला फरक एका संत्र्याने शिकवला. केळ्यांची फणी, मेथीची जुडी यांचीही तीच गत. डझनाने घेतलेल्या संत्र्यांची संख्या मात्र अचूक, चार डझनांची अठ्ठेचाळीसच. एकाच फळात एक गट पक्का आणि एक कच्चा, हे तिने नंतर स्वतःहून आईला समजावलं.

पुस्तकांत गटाची चित्रं नेहमी छान सारखी असतात, त्यामुळे 'इथे गुणाकार चालेल का?' हा प्रश्न मुलांसमोर कधी येतच नाही. तो यायला हवा.

आईचं म्हणणं

मध्ये आई एकदा येऊन बसली. "मॅडम, हे ऑटो-अंडे ठीक आहे, पण पाढे पाठच करून घ्या नं. पेपरात ऑटो कोन काढू देते?" तिचं बरोबर होतं. पाढे पाठ हवेतच. ज्याला सात अठ्ठे छप्पन्न चटकन आठवत नाही, तो मोठ्या गुणाकारात आणि भागाकारात पायरीपायरीला अडतो, आणि त्याचं सगळं लक्ष आकडेमोडीतच संपतं. पाठांतराला नावं ठेवणारी मंडळी मला पटत नाहीत. मी आईला एवढंच म्हटलं, "ताई, पाठ आहेच. आता ते कशासाठी पाठ केलं ते तिला दाखवू, मग पेपरात ऑटो काढावा लागणार नाही." वस्तू किती दिवस ठेवायच्या याची खूण मुलंच देतात. चित्र काढायचा कंटाळा करायला लागली आणि तरी उत्तर बरोबर येतंय, म्हणजे वस्तू बाजूला करायची. उत्तर पुन्हा डळमळलं की परत काढायची.

आता कुठे आहे

संक्रांतीच्या सुमारास तीच तपासणी पुन्हा केली. ४ × ३ चं चित्र: चौकटीत बारा गोळे, चाराच्या तीन रांगा. लाडवांचं उदाहरण: "एकात सहा, असे पाच, तीस." मधूनच विचारलेले पाढे बहुतेक जमतात. सात अठ्ठे आणि सहा नव्वे अजून घसरतात, तिथे ती एक गट मागे जाऊन पुढे येते. उत्तर आलं की ते बाजारात चालेल का, हे एकदा बघून घेते, आणि आजीला लोक मारतील असं उत्तर आलं तर स्वतःच खोडते.

एक गोष्ट मात्र अडलेली आहे. "बाळाचं वजन ४ किलो. ताईचं वजन बाळाच्या सहापट. ताईचं वजन किती?" उत्तर आलं दहा. इथे एकात किती आणि असे किती, हे दोन प्रश्न लागूच पडत नाहीत. बाळं सहा नाहीत, एकच आहे, आणि ताईही एकच. 'पट' हा गुणाकाराचा वेगळा चेहरा आहे. गटाच्या वस्तूंनी तिथपर्यंत पोचता येत नाही, आणि फक्त त्यांच्यावर भिस्त ठेवली तर मूल इथे अडतंच.

सध्या त्यासाठी वेणीची रिबीन घेतली आहे. एक तुकडा जमिनीवर ठेवायचा, खडूने खूण करायची, त्याच तुकड्याने तिथून पुढे पुन्हा मापायचं, असं चार वेळा, आणि मग लांब रेघेला विचारायचं की ती तुकड्याच्या किती पट आहे. रेघेची चारपट तिला दिसते. वजनाची अजून दिसत नाही. पुढच्या आठवड्यात आजीचा तराजू आणायचा आहे, आजीने हो म्हटलं आहे.